पट्ट्याचा जोड

माझ्या दादाला सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेशी त्याचा संबंध एवढाच, की मुलांच्या गणवेशाची मापं घ्यायला तो तिथे जायचा. शिंपी म्हणून मास्तर. मी त्याची धाकटी बहीण. दुकानातली काजं-बटणं, हातशिलाई आणि चुकलेलं उसवणं ही माझी कामं. गिऱ्हाइकाशी भांडणंही माझ्याकडेच, कारण दादाला भांडता येत नाही. माझे केस पांढरे झाले तरी तो मला ‘धाकटे’ अशीच हाक मारतो.

हल्ली लोक दुकानात डोकावून विचारतात, कसे आहेत मास्तर? मी म्हणते, आहेत. आता काय सांगणार, कप्पाळ? पुढ्यात ताट ठेवलं की जेवतो, दिवा घालवला की आडवा होतो. मीही तशीच आहे. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघं बधिर झालोय. रडू येत नाही आणि रागही येत नाही. मला राग येत नाही म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. परवा भाजीवाल्यानं सडके कांदे घातले पिशवीत, मी बघत होते, आणि तशीच घेऊन घरी आले.

पूर्वीचा दादा सांगते. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक जाड निळा पडदा. पुढे खिडकीपाशी दादाचं मशीन, त्याच्या डाव्या हाताला कापायचं टेबल, गळ्यात टेप. मापात पाप नको, हे त्याचं ठरलेलं वाक्य. माप देताना एखाद्यानं पोट आत ओढलं, की हा टेप तसाच धरून उभा राहायचा. “श्वास सोडा साहेब, कोट तुम्हाला घालायचाय, मला नाही.” घेतलेलं माप कधी लिहायचा नाही. एकदा टेप फिरवला की आकडा डोक्यात जाऊन बसायचा. कापड कमी पडलं म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणं त्याला माहीत नव्हतं. कुठून तरी तुकडा काढायचा, असा जोड द्यायचा की शिवणारा सांगेल तेव्हाच दिसेल.

वहिनी अंगानं दांडगी आणि आवाजानं त्याहून दांडगी. पडद्यामागून दिवसभर बोलत असायची. भाव काय झाले, समोरच्यांची सून कशी चालते, दूध आज पातळ का आलं, सगळं. दादा पुढून पायडल मारता मारता “हं, हं” करायचा. “तुझ्या दादाच्या वाटचंही मलाच बोलावं लागतं, म्हणून तर एवढी दमते मी,” असं मला म्हणायची. माझी जीभ कात्रीपेक्षा धारदार आहे, हेही तिचंच म्हणणं. आमचं दोघींचं पटायचं म्हणजे भांडायला दोघींनाही आवडायचं.

तिचं डोकं जड व्हायला लागलं म्हणून दादा तिला चौकातल्या दवाखान्यात घेऊन गेला. प्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टर माणूस बरा आहे. म्हणाला, दवाखान्यात घाबरूनही वाढतं, एकदा बघून काही खरं नाही. मशीन घ्या, घरी रोज सकाळ-संध्याकाळ मोजा आणि मला सांगा, त्यावरून गोळी ठरवू. आणि कसं मोजायचं ते त्यानं नीट समजावलं.

मोजायचं म्हटल्यावर दादाची कळी खुलली. औषधवाल्याकडून मशीन आणलं, टेबलावरचे सगळे कपडे बाजूला सारले, वहिनीला खुर्चीत बसवलं आणि पट्टा दंडाला गुंडाळायला घेतला. पट्टा पुरेना. इकडून ओढला तर तिकडून सुटायचा. वहिनी हसून हसून लाल झाली. “अहो, माझ्या दंडाला पुरेल असा पट्टा ट्रकच्या टायरवाल्याकडे बघा!” मीही हसले. औषधवाला म्हणाला, मोठा पट्टा मिळतो वेगळा, पण मागवावा लागेल, यायला वेळ लागेल.

“मागवायचा कशाला?” दादा म्हणाला. “चार बोटं कापड कमी पडतंय. मी इथे काय माशा मारायला बसलोय?”

आणि त्यानं जोड दिला. कोटाच्या अस्तराचं जाड कापड काढलं, पट्ट्याच्या रंगाशी जुळणारं. कडा आत दुमडल्या, दुहेरी टीप मारली, टोकाला वेल्क्रो लावली. पट्टा वहिनीच्या दंडाभोवती फिरून छान बसला. आत दोन बोटं जातील एवढाच सैल, डॉक्टरनं सांगितल्यासारखा. औषधवाला मुद्दाम बघायला आला. उलटसुलट करून म्हणाला, “मास्तर, कंपनीचा कुठला आणि तुमचा कुठला, ओळखू येत नाही बघा.” दादा दिवसभर शीळ घालत होता.

मग सुरू झालं ते मोजणं. मोजणं कसलं, परीक्षाच ती. चहा आधी नाही, मोजल्यावर. लघवीला जाऊन यायचं. बाही वर सारायची नाही, हात बाहेर काढायचा, कारण वर सरकवलेली बाही दंड आवळते. पाठ खुर्चीला टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर उशीवर, पट्टा छातीच्या उंचीला येईल असा. त्या उशीची उंची बसवायला त्यानं कापूस तीनदा कमी-जास्त केला. पट्टा कोपराच्या वर दोन बोटं. मग पाच मिनिटं शांत बसायचं. एकदा मोजायचं, मिनिटभर थांबून पुन्हा मोजायचं. मशीन नाडी दाखवत होतं, तरी तो स्वतः बघायचाच. तिच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तीन बोटं ठेवायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मिनिटभर ठोके मोजायचे. “अंगठा लावायचा नाही धाकटे, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात, आपलेच मोजून बसू,” असं त्यानं मलाही शिकवलं. मी म्हटलं, वहिनी, हे मशीन कानामागून आलं आणि तिखट झालं. इतक्या वर्षांत दादानं तुझा हात इतका वेळ धरला होता का कधी?

“कधी नाही,” वहिनी म्हणाली. “आता धरलाय तर बोलू देत नाहीत.”

तेही खरंच होतं. मोजताना बोललं की आकडा वाढतो, हे डॉक्टरनं सांगितलेलं. वहिनीला गप्प बसवायचं म्हणजे वाऱ्याला कोंडायचं. पट्टा फुगायला लागला की तिला हटकून काहीतरी आठवायचं. “अहो, हा मेला एकाच बाजूनं चावतो.” “शू. बोलायचं नाही.” “अहो पण...” “शू!” मग ती डोळे मिटून बसायची. झाल्यावर आकडा दिसायचा, आणि आकडा बघून सगळ्यांचीच बोलती बंद व्हायची.

कारण आकडा उतरत नव्हता. एकशे सत्तर, एकशे पंचाहत्तर. दादा दवाखान्यात जाऊन आकडे घडाघडा सांगायचा, कोटाची मापं सांगितल्यासारखे, सकाळचे, संध्याकाळचे. डॉक्टर म्हणायचा, तुमच्याइतकं नीट कुणी मोजत नाही मास्तर, मी आता तुमच्याच आकड्यांवर चालतो. त्यानं गोळी वाढवली. आकडा जरा हलला आणि परत तिथेच. मग दुसरी गोळी आली, सकाळची. दादानं घरातलं मीठ कुलपात ठेवायचं बाकी ठेवलं. मी भांडले, की बेचव खाऊन माणूस आजारी पडेल. तो म्हणाला, आकडा बघ आणि मग बोल.

आणि वहिनी कमी बोलायला लागली. आधी मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू, कानाला आराम. मग लक्षात आलं की ती बसल्या जागी पेंगते. उठताना पडद्याला धरून उभी राहते. “डोळ्यांपुढे अंधारी येते गं,” म्हणाली. दादाला सांगितलं. तो घाबरलाच. प्रेशर वाढलंय म्हणूनच चक्कर येते, असं त्याच्या मनानं घेतलं. लगेच खुर्ची, उशी, पाच मिनिटं, पट्टा. आकडा वरच. आता आकडाच वर म्हटल्यावर कोण काय बोलणार? डॉक्टरला फोन केला, त्यानं अर्धी गोळी वाढवली.

पडली ती सकाळीच. मोजून झालं होतं, गोळ्या घेऊन झाल्या होत्या, दादा पट्टा गुंडाळून ठेवत होता. दूध उतू जायचा आवाज आला. “अगं बाई, दूध!” म्हणत ती खुर्चीतून झटकन उठली, पडद्यापर्यंत गेली आणि पडदा धरून, दांडीसकट खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. दूध सगळं गेलं. मला तेव्हाही पहिलं तेच सुचलं, गॅस बंद करायला धावले.

मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दादानं आपलं मशीन आणि पट्टा सोबत घेतला होता. म्हणे, तिथल्या लोकांना घाई असते, नीट मोजत नाहीत. त्याला खाली औषधं आणायला पाठवलं होतं तेव्हा सिस्टर आली. तिनं आपला पट्टा लावला, रुंद, लांब. आकडा आला नव्वदच्या आसपास. तिनं पुन्हा मोजलं. “यांना एवढ्या गोळ्या कुणी दिल्या?” मी म्हटलं, घरी तर एकशे सत्तरच्या वर येतं, हे बघा, आमचं मशीन इथेच आहे.

तिनं आमचा पट्टा हातात घेतला, चाचपला, आणि तिला कळलं. मलाही समजावलं. पट्ट्याच्या आत हवेची पिशवी असते. दाब देते ती पिशवी, कापड नाही. ती दंडाला जवळजवळ सगळीकडून वेढायला हवी. तुम्ही कापड लांब केलंत, पिशवी होती तेवढीच राहिली. लहान पिशवी मोठ्या दंडाला एकाच बाजूनं दाबते, मग तिला जास्त जोर लावावा लागतो, आणि आकडा खोटाच वर येतो. यांचं प्रेशर होतं, पण इतकं नव्हतं. ती काही कुणावर ओरडली नाही. “शिलाई सुंदर आहे,” असंही म्हणाली बिचारी.

मला वाटलं वहिनी झोपलीय. तिनं डोळे उघडले. सिस्टरकडे बघून म्हणाली, “ह्यांना सांगू नका.” मग माझं मनगट धरलं. “तूही नाही. तुझ्या जिभेला काही धरबंध नाही म्हणून सांगते. कळलं ना, तर ते पुन्हा कात्री हातात धरणार नाहीत. माझी शपथ आहे तुला.”

मी म्हटलं, बरं.

दादा वर आला तेव्हा सिस्टरनं एवढंच सांगितलं, की गोळ्या बदलल्यात आणि घरी गेल्यावर मोठा पट्टा घ्या. दादा म्हणाला, हो, घेऊ. पण घरी जायची वेळ आली नाही. हाडाचं ऑपरेशन झालं, ती अंथरुणाला खिळली, छातीत कफ साठला, ताप चढला, आणि गेली. डॉक्टरांनी कारणं सांगितली, वय, वजन, छाती, हृदय. सिस्टरही मला म्हणाली होती, एकाच गोष्टीनं होतं असं नसतं. नसेल. पण पडली कशामुळे ते मला माहीत होतं, आणि दादाला नव्हतं. दादा म्हणायचा, “प्रेशरनं घात केला. एवढं मोजलं, तरी हाताबाहेर गेलं.” मी तोंडाला कुलूप लावून बसायचे.

पुढे दादा दुकानात यायचा आणि मशीनपुढे नुसता बसायचा. पायडलवर पाय, सुईत दोरा, आणि काम नाही. कापायला दिलेलं कापड घडीसकट पडून राहायचं. गिऱ्हाईक थांबून थांबून परत न्यायचं. टेप गळ्यात नसायचा, खिळ्याला टांगलेला. कात्रीला तर हातच लावला नाही त्यानं. मला वाटायचं, वहिनी, तुझ्या शपथेनं काय साधलं गं? न सांगताही हा बसलाच आहे हात टाकून. सकाळी मोजायच्या वेळी तो उठून त्या खुर्चीत जाऊन बसायचा, उशीवर हात ठेवून, पाच मिनिटं. मग उठायचा. मी चहा ओतायचे. आमच्यात बोलणं राहिलं नव्हतं, कारण दोघांच्या वाटचं बोलणारी निघून गेली होती.

असंच चाललं असतं. मग एक दिवस कोपऱ्यावरची बेकरीवाली आली. तिचा नवरा पीठ मळून मळून दंडांनी आडवा झालेला माणूस, सगळी गल्ली त्याला पैलवान म्हणते. तिच्या हातात प्रेशरचा पट्टा होता.

“मास्तर, एवढं काम करून द्या. डॉक्टरांनी रोज मोजायला सांगितलंय, आणि पट्टा पुरतच नाही ह्यांना. औषधवाला म्हणाला, मोठा मागवायची काही गरज नाही, मास्तरांकडे जा, ते असा जोड देतात की कळत नाही.”

दादानं मान वर केली. मी काजं करत होते. मी पाहिलं, तो उठला. खिळ्यावरचा टेप काढून गळ्यात घातला. पट्टा हातात घेतला, बोटांनी कापड पारखलं. “किती कमी पडतो? दंड आणलाय का बरोबर?” बेकरीवाली हसली. दादाही हसला. वहिनी गेल्यावर पहिल्यांदा. वरच्या फळीवर वहिनीचा पट्टा होता, तो त्यानं नमुना म्हणून काढून टेबलावर ठेवला. अस्तराचा गठ्ठा शोधला. आणि कात्री उचलली.

माझ्या हातातली सुई तिथेच थांबली. मला काही वाटत नव्हतं, खरंच सांगते, काळजात चर्र झालं वगैरे काही नाही. फक्त दिसत होतं समोर. पैलवान खुर्चीत बसलेला, आकडा वर, गोळी वाढलेली, आणि तो एक दिवस भट्टीपुढून झटकन उठलेला. आणि इकडे दादाच्या हातात कात्री. वहिनीला जे हवं होतं ते नेमकं समोर उभं होतं, आणि ते मीच मोडायचं होतं. वाटलं, नंतर सांगू, बेकरीत जाऊन गुपचूप सांगू, तो पट्टा वापरू नका म्हणून. पण मग दादा उद्या तिसऱ्याला जोड देणार, परवा चौथ्याला. औषधवाला गावभर सांगत सुटलाय.

“दादा, कापू नकोस,” मी म्हटलं.

“का?”

मी सांगितलं. सिस्टरनं जसं सांगितलं होतं तसंच, हवेची पिशवी, एकच बाजू, खोटा आकडा. नव्वदचा आकडाही सांगितला. माझा आवाज अगदी सपाट येत होता, भाजीचा भाव सांगावा तसा. बेकरीवाली दारातच उभी होती. तिनं तोंडाला हात लावला.

दादानं सगळं ऐकलं. कात्री टेबलावर ठेवली, आवाज न करता. मग बेकरीवालीचा पट्टा घडी करून तिच्या हातात दिला. “बाई, हे माझ्याकडून होणार नाही. मोठा पट्टा मागवा. तो येईपर्यंत दवाखान्यात त्यांच्या मोठ्या पट्ट्यानं मोजून घ्या. आणि आधीचे आकडे ह्या पट्ट्यानं घेतले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनानं कमी-जास्त करू नका.” अगदी नीट, शांतपणे म्हणाला. ती गेली.

मग त्यानं वहिनीचा पट्टा पुढ्यात ओढला. “धाकटे, उसवायचं दे.”

मी छोटं पातं दिलं. दुहेरी टीप होती, सुटता सुटेना. तो एकेक टाका उचलून कापत गेला. मी म्हटलं, मी करते, हे माझं काम आहे. त्यानं मान हलवली. जोड सुटून बाजूला पडला. आत चाचपून त्यानं ती हवेची पिशवी शोधली, कुठे सुरू होते, कुठे संपते. टेप लावून मोजली. मग बराच वेळ तिच्यावर अंगठा फिरवत राहिला.

“तिला कळलं होतं?” त्यानं विचारलं.

“हो.”

“काय म्हणाली?”

“तुला सांगायचं नाही म्हणाली. कात्री सोडशील म्हणून.”

तो खिडकीकडे बघत होता. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. माझ्याही नव्हतं.

“एकाच बाजूनं चावतो, म्हणायची,” दादा म्हणाला. “रोज म्हणायची, धाकटे. रोज. आणि मी म्हणायचो, शू, बोलायचं नाही.”